घोड्याच्या ठोक्यांचा हिशेब कोण ठेवणार?

ठाणे, खास प्रतिनिधी : टेंभी नाक्यावरील नवरात्रोत्सवाची गर्दी ओसरली, की ठाणेकरांना सहलींचे वेध लागतात. कोणी माथेरान गाठतो, कोणी पुढील उन्हाळ्यातील केदारनाथ यात्रेची आखणी करतो. दोन्ही ठिकाणी घोडे उपलब्ध असतात. परंतु त्यांच्या हृदयावर पडणाऱ्या ताणाचा विचार क्वचितच होतो.

विश्रांत अवस्थेत घोड्याचे हृदय मिनिटाला साधारण ३० ते ४० वेळा धडधडते. कमाल श्रमात हा आकडा २२० च्याही पुढे जातो. त्याच वेळी प्लीहेत साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात उतरतात आणि प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता वाढते. सरावामुळे ठोक्यांची कमाल मर्यादा फारशी बदलत नाही. मात्र प्रत्येक ठोक्याला अधिक रक्त फेकले जाते आणि श्रम थांबताच ठोके लवकर खाली येतात. तंदुरुस्तीची खरी खूण हीच.

उंचीचा परिणाम मात्र सर्वत्र सारखा नसतो. माथेरानची उंची सुमारे ८०० मीटर. तेथे प्राणवायूचा दाब समुद्रसपाटीपेक्षा जेमतेम नऊ टक्क्यांनी कमी भरतो. त्यामुळे तेथे उंचीपेक्षा ओझे, ऊन आणि अपुरी विश्रांती यांचाच धोका अधिक. केदारनाथ सुमारे ३,५८० मीटरवर आहे. तेथे हा दाब दोन तृतीयांशावर येतो आणि तेवढ्याच कामासाठी हृदयाला अधिक वेगाने धावावे लागते. विरळ हवेशी जुळवून घेण्यास शरीराला काही आठवडे लागतात. सखल भागातून आणून लगेच कामाला जुंपलेल्या जनावराला ती सवड मिळत नाही. २०२२ च्या यात्राकाळात तेथे अनेक घोडे व खेचरे दगावली होती.

दीर्घ पल्ल्याच्या आंतरराष्ट्रीय अश्वशर्यतींत टप्प्यानंतर ठराविक मिनिटांत ठोके साधारण ६४ पर्यंत उतरले नाहीत, तर घोड्याला बाद केले जाते. मग पर्यटकांना वाहणाऱ्या घोड्यालाच ही कसोटी का नसावी?

माथेरानमधील माणसाने ओढायच्या रिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. माणसाच्या श्रमांची दखल घेतली गेली, हे योग्यच. आता घोड्याचाही विचार व्हावा. दस्तुरी नाक्यावर फेरीनंतर नाडी मोजण्यास एक स्टेथोस्कोप, एक घड्याळ आणि प्रशिक्षित माणूस पुरेसा आहे. घोडा धडधाकट राहिला, तरच घोडेवाल्याची रोजीरोटीही टिकेल.