ठसका

या सदरात आजवर चहा, विडा आणि तपकीर यांच्यावर मी लिहिले. बीअरवर लिहिण्याची पाळी येईल असे मात्र वाटले नव्हते. ऐन दिवाळीत मराठीच्या प्राध्यापकाने हा विषय घ्यावा, हे काही वाचकांना रुचणार नाही. पण घडले ते सांगितलेच पाहिजे.

आमच्या आटगावच्या ठाकूरवाडीतला एक मुलगा बी. ए.ला माझ्या वर्गात होता. हल्ली तो पुण्याला बीअरच्या एका लहानशा कारखान्यात काम करतो. दसऱ्याला घरी आला तो दोन बाटल्या घेऊन. म्हणाला, "सर, नवी बीअर काढतोय. काळी, मिरची घातलेली. नाव तुम्हीच सुचवा."

चाखल्यावाचून बारसे कसे करायचे? १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे प्यायला आजही परवाना लागतो. तो एका दिवसाचा परवाना मी शहापूरला जाऊन काढला. दुकानाच्या पायरीवर आजी-माजी विद्यार्थी दिसत नाहीत ना, हे दोनदा पाहिले. परीक्षेला जातानाही मी कधी इतका घाबरलो नव्हतो!

संध्याकाळी त्याच्या अंगणात बसलो. पेला काळाभोर, वर बदामी फेस. जव कॉफीच्या बियांसारखे काळे होईपर्यंत भाजतात, त्यामुळे हा रंग येतो, असे त्याने सांगितले. पहिल्या घोटाला करपलेल्या गुळाची चव लागली. मिरची कुठे आहे, असे विचारणार तोच घशात जाळ उठला आणि असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आले. मी तांब्याकडे हात नेला. "पाण्याने उतरणार नाही सर, ताक घ्या," तो म्हणाला. मिरचीतला तिखट अंश पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, मद्यार्कात मात्र सहज विरघळतो. शिवाय तिखट ही चवच नव्हे. कढत चहाने तोंड पोळले हे ज्या मज्जातंतूंमुळे कळते, त्यांनाच मिरची फसवते. हे दाखवून देणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली नोबेल मिळाले. माझा विद्यार्थी शिकवत होता आणि मी ताक पीत ऐकत होतो. पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आलेली ही पाहुणी आता आमच्या पिठल्याची मालकीण झाली आहे. मग तिने बीअरमध्ये जायला कोणाची हरकत?

इतका वेळ त्याची आजी ओट्यावरून पाहत होती. तिने घोटभर मागून घेतली, जिभेवर घोळवली आणि म्हणाली, "जळक्या भाकरीचं पानी." मग नातवाला किंमत विचारली. त्याने सांगितली. आजी थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "आन् ह्याला कोन धरीत नाय?"

मोहाची दारू गाळली म्हणून तिला दोनदा धरून नेले होते, हे मला ठाऊक होते.

आमच्या भागात १८९२ हे साल ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी जवळच्याच तानशाचे धरण पुरे झाले आणि इथले पाणी मुंबईला गेले. त्याच वर्षी ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहफुलांचा कायदा आला. टंचाईच्या दिवसांत सुकवलेली मोहफुले खाऊनही माणसे जगत. ती फुले घरात असणे हाच संशय ठरला. २०२१ मध्ये राज्य सरकारने फुले गोळा करण्यावरचे निर्बंध उठवले. विनापरवाना गाळणे मात्र गुन्हाच राहिला. दारूची वकिली मला करायची नाही. तिने बुडवलेली घरे याच वाडीत मी पाहिली आहेत. पण आजीच्या प्रश्नाला उत्तर मला सापडले नाही.

त्याहून वाईट गोष्ट पुढेच आहे. हा मुलगा वर्गात असताना मी 'माझ्या घरची संध्याकाळ' असा निबंध लिहायला दिला होता. त्याने मोहाचे झाड, आजीची भट्टी आणि बाहेर कुत्रे भुंकले की तिचा थांबणारा हात, हे सारे लिहिले होते. वर्गातला तो सर्वांत जिवंत निबंध होता, हे मला तेव्हाही कळले होते. तरीही तांबड्या शाईने मी शेरा मारला, 'विषय अशोभनीय. पुन्हा लिहा.' त्याने पुन्हा लिहिले. देव्हारा, शुभं करोति, तुळशीपुढचा दिवा. त्याच्या घरी यातले काहीच नव्हते. मी दहापैकी सात गुण दिले.

निघताना मी विचारले, "तो पहिला निबंध आहे का रे अजून?"

"नाही सर. त्याच दिवशी चुलीत घातला." त्याच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरे वाटले असते.

नाव मी दुसऱ्या दिवशी कळवले, 'ठसका'. त्याला ते पसंत पडले. सोबत एवढेच लिहिले, 'निबंध पुन्हा लिही. या वेळी शाई तुझी.'

त्याचे उत्तर अजून आलेले नाही. मी वाट पाहतो आहे.