मोडीत काढलेला संगणक आणि मुलांचे खेळ

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला. पुढच्या आवृत्तीला टीपीएम २.० आणि नवा प्रोसेसर हवा. देवळीसारख्या तालुक्याच्या गावी काटकसरीने घेतलेला, अजून धडधाकट असलेला संगणक अशा एका तारखेने भंगारात जावा, हे पटण्याजोगे नाही. लिनक्स हा त्यावरचा उतारा. तथापि घरातला मुलगा विचारतो, "माझे खेळ चालतील का?" वडीलधाऱ्यांनी हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये; चोरटी विंडोज घरात शिरते ती बहुधा याच वाटेने.

१९९३ पासून स्वयंसेवकांनी घडवलेली 'वाइन' ही आज्ञावली विंडोजच्या सूचना लिनक्सला समजतील अशा करते. २०१८ मध्ये वाल्व्ह कंपनीच्या 'प्रोटॉन'ने ती वाट रुंद केली. मात्र त्यातील 'डीएक्सव्हीके'च्या नव्या आवृत्त्यांना व्हल्कन १.३ लागते, ते जुन्या ग्राफिक्सला झेपत नाही. तेथे वाइनची ओपनजीएलवरची जुनी पद्धतच बरी, आणि खेळही जुनाच.

खरी कसोटी मॉड जोडलेल्या खेळांची. लिनक्स लहान-मोठी इंग्रजी अक्षरे वेगळी मानते. त्यामुळे मॉड हाताने उतरवताना एकाच नावाचे दोन फोल्डर होतात आणि खेळाला त्यांतला एकच दिसतो. मॉडने स्वतःची डीएलएल फाइल ठेवली, तरी वाइन बहुधा आपलीच उचलते. मॉडची आधी घे, असे तिला सेटिंगमध्ये सांगावे लागते. एवढी खटपट करणारा मुलगा संगणक आतून शिकतो, हे पालकांच्या ध्यानी येत नाही. काही ऑनलाइन खेळ मात्र त्यांच्या फसवणूकरोधक यंत्रणेमुळे लिनक्सवर चालतच नाहीत. ते त्याला आधीच सांगून टाकावे.