सरकारी मदतीचा धनी कोण?



सरकार शेतकऱ्यास मदत देते, हे ऐकून आपण समाधान मानतो. परंतु हा ‘शेतकरी’ कोण, हे विचारल्यावाचून स्वस्थ बसू नका. नांगर धरणारा, की सातबाऱ्यावर नाव असलेला? अमेरिकेतील मिसिसिपी राज्याच्या सनफ्लॉवर जिल्ह्याने या प्रश्नाचे कटू उत्तर दिले आहे. ते आपणांस परके नाही. तेथील कृष्णवर्णीय आणि येथील अस्पृश्य यांच्या स्थितीतील साम्य बाबासाहेबांनी १९४६ साली डू बॉइस यांना लिहिलेल्या पत्रात दाखविले होते.

१९३३ साली कापसाचे भाव कोसळले असता, जो पेरा घटवील त्यास सरकार पैसे देईल, असा कायदा अमेरिकेत झाला. बटाईने राबणाऱ्या कुळांचाही त्यात वाटा होता. तो अनेक मालकांनी गिळला. पेरा घटल्यावर तर कुळेच नकोशी झाली आणि हजारो कुटुंबे जमिनीवरून हुसकली गेली. सरकारचा पैसाच गरिबाच्या मुळावर आला!

१९६७ साली सनफ्लॉवर जिल्ह्यातील सिनेटर जेम्स ईस्टलँड यांच्या मळ्यास दीड लाख डॉलरहून अधिक सरकारी रक्कम मिळाली. हे गृहस्थ कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांचे कट्टर विरोधक! शेजारच्या बोलिव्हर जिल्ह्यात १९६५ साली ज्या शेतमजुरांनी संप केला, त्यांस दिवसभराच्या कष्टाचे सुमारे तीन डॉलर मिळत. मालकास न पेरण्याचे पैसे, आणि मजुरास राबूनही उपासमार. यास शेतीची मदत म्हणावयाचे, की जमीनदारीची?

कोणी म्हणेल, कायद्यात वर्णाचा उल्लेख कोठे होता? नव्हताच. परंतु कायदा कागदावर असतो आणि वाटप माणसाच्या हातून होते. कोणी किती एकर कापूस लावावा, हे ठरविणाऱ्या जिल्हा समित्या दक्षिणेत गोऱ्यांच्या मुठीत होत्या. १९६५ साली तेथील नागरी हक्क आयोगानेच कृषिखात्यातील भेदभाव उघडा पाडला. तरीही कृष्णवर्णीय शेतकऱ्यांस १९९७ साली न्यायालयात जावे लागले. १९९९ साली तडजोड झाली आणि त्यापोटी पुढे शंभर कोटी डॉलरच्या आसपास रक्कम सरकारला मोजावी लागली. तोवर कित्येकांच्या जमिनी गेल्या होत्या.

याच जिल्ह्यातील फॅनी लू हेमर १९६२ साली मतदार म्हणून नाव नोंदविण्यास गेल्या, तेव्हा अठरा वर्षे राबलेला मळा त्यांस सोडावा लागला. त्या खचल्या नाहीत. १९६९ साली चाळीस एकरांवर त्यांनी सहकारी शेती उभारली. ज्याच्या भाकरीवर मालकाचा ताबा, त्याच्या मतावरही त्याचाच ताबा, हे त्या ओळखून होत्या.

वाचकहो, आपल्या देशात २०१९ साली सुरू झालेली वर्षाला ६००० रुपयांची किसान सन्मान निधी योजनाही जमीनधारक कुटुंबांसाठीच आहे. भूमिहीन मजूर तिच्या बाहेर आहे. म्हणून गावात कोणतीही योजना आली की विचारा: यादीत नाव कोणाचे? यादी करणारा कोण? आणि ज्याच्या नावे गुंठाभरही जमीन नाही, त्याचे काय? हे प्रश्न विचारण्यात लाज नाही. मदत ही कोणाची मेहेरबानी नव्हे. सरकारी तिजोरीत आपल्याही घामाचा पैसा आहे. त्याचा हिशेब मागणे हा आपला हक्क आहे!