कलम 301 आपल्या टेम्पोला किती उपयोगाचं?

1956 पर्यंत निलंगा, उदगीर हे तालुके आपल्या बीदर जिल्ह्यातच होते. आज कोहिनूरहून लातूरच्या मोंढ्यात तूर न्यायची म्हटलं, की आधी प्रश्न येतो: गाडीला परमिट आहे का?

संविधानाचं कलम 301 म्हणतं, देशभर व्यापार मुक्त राहील. पण कलम 302 नुसार संसद सार्वजनिक हितासाठी त्यावर बंधनं घालू शकते. म्हणूनच 1988 च्या मोटार वाहन कायद्यात कलम 88 आहे: एका राज्याचं परमिट दुसऱ्या राज्यात प्रतिस्वाक्षरीशिवाय चालत नाही. तेव्हा नुसतं '301, 301' करून भागणार नाही.

एक गोष्ट मात्र पाठ करून ठेवा. गाडी आणि माल मिळून एकूण मंजूर वजन 3,000 किलोपर्यंत असेल, तर कलम 66 प्रमाणे परमिट लागतच नाही. छोटा हत्ती परमिटसाठी अडवला, तर हे कलम दाखवा.

खरी अडचण मोठ्या टेम्पोची. नॅशनल परमिटची फी 2010 मध्ये वर्षाला 15,000 रुपये ठरली. देशभर फिरणाऱ्या ट्रकला ती परवडते, हंगामात चार खेपा करणाऱ्याला कशी परवडेल?

दोन राज्यांनी परमिटांचा करार करायची सोय कलम 88 मध्येच आहे. सीमेलगतच्या तालुक्यांसाठी स्वस्त, हंगामी परमिट द्या, ही आपली मागणी हवी. सीमावादाचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल, तुरीचं पोतं तोवर थांबत नाही.