चार चौरस मिलिमीटरची शेखी

सेंद्रिय सौरघटाची कार्यक्षमता वीस टक्क्यांवर पोहोचल्याची बातमी वाचली की माझं डोकं फिरतं. आकडा खरा असतो, पण तो बहुतेक वेळा चार-पाच चौरस मिलिमीटरच्या घटाचा असतो. तांदळाच्या दाण्याएवढ्या तुकड्यावरचा आकडा घ्यायचा आणि शोधनिबंधाच्या प्रस्तावनेत 'स्वस्त, लवचीक, छापता येणारा' असं लिहायचं, ही वाचकाची दिशाभूल आहे. असे निबंध मीही लिहिलेत, म्हणून बोलतोय.

यातलं विज्ञान अस्सल आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. सिलिकॉनमध्ये प्रकाश पडताच प्रभार मोकळे होतात. सेंद्रिय द्रव्यात इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) एकमेकांना घट्ट धरून राहतात. या जोडीला, म्हणजे एक्सिटॉनला, जेमतेम दहा-वीस नॅनोमीटरच्या आत दाता (इलेक्ट्रॉन देणारं) आणि ग्राही (इलेक्ट्रॉन घेणारं) द्रव्यांची सीमा गाठावी लागते, नाहीतर ती विझते. चिंग टँग यांनी 1986 मध्ये दोन थर एकमेकांवर चढवून सुमारे एक टक्का मिळवला. 1995 मध्ये हीगर यांच्या गटाने दोन्ही द्रव्यं एकमेकांत कालवली आणि ती सीमा थरभर पसरली. 2019 मध्ये वाय6 हा ग्राही रेणू आला आणि आकडे भराभर चढले.

पण सुटलेला प्रभार बाहेर काढायचा कुणी? इलेक्ट्रोडने. आणि तिथे आपण वर्षानुवर्षं अंगचोरी केली. पारदर्शक इलेक्ट्रोडसाठी वापरलं जाणारं इंडियम टिन ऑक्साइड ठिसूळ आहे. प्लास्टिकची पट्टी जरा जास्त वाकवली की त्याला तडे जातात. इंडियम निघतं ते मुख्यतः जस्ताच्या धातुकामातून, जोडउत्पादन म्हणून, आणि त्यावर टीव्ही-मोबाइलच्या पडद्यांचा आधीच डोळा. या ऑक्साइडवर पेडॉट-पीएसएस हे वाहक बहुलक पसरलं की त्यातलं आम्ल ऑक्साइडला खातं आणि इंडियम आतल्या थरात झिरपतं. दुसऱ्या बाजूच्या इलेक्ट्रोडमधलं कॅल्शियम हवा लागताच खराब होतं. म्हणून घट उलटा बांधून झिंक ऑक्साइड आणलं, तर अतिनील प्रकाशात तेच नव्या ग्राही रेणूंची मोडतोड करतं. हे सगळं छापून आलेलं आहे. तरीही निबंधाच्या शीर्षकात जागा मिळते ती टक्क्यांनाच.

निदान एक चौरस सेंटिमीटरचा घट आणि सलग प्रकाशातले टिकाऊपणाचे तास दिल्याशिवाय निबंध स्वीकारूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. माझ्या एका सहकाऱ्याने कार्बनचा इलेक्ट्रोड उघड्या हवेत, निर्वात पंपाशिवाय छापला. महिनाभर उजेडात ठेवून घट मोजला. निबंध परत आला. शेऱ्यात एकच ओळ होती: कार्यक्षमता कमी.