'प्रयत्न अपुरा' कोणाचा?

गेल्या दोन महिन्यांत आलेली निम्मी पत्रे एकाच छापील नमुन्याबद्दल आहेत. एका क्रीडा प्रशिक्षण केंद्राने निवड चाचणीसाठी हा नमुना काढला. ३० सेकंद सायकलवर पूर्ण जोर लावायच्या विंगेट चाचणीनंतर बोटातून रक्त घ्यायचे आणि लॅक्टेट १२ मिलिमोलच्या खाली राहिले की शेऱ्यात 'प्रयत्न अपुरा' लिहायचे. मुलगा असो की मुलगी, रेघ एकच. शेरे अर्थात मुलींच्याच वाट्याला आले. काहींना त्याच सकाळी पुन्हा सायकलवर बसवले. लॅक्टेट आणखी कशाने वाढणार होते, हे केंद्राच्या साहेबांनाच ठाऊक.

स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत मोना एस्ब्योर्नसन आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकातच याच ३० सेकंदांच्या जोरानंतर मांडीच्या स्नायूचे तुकडे काढून तपासले आहेत. स्त्रियांच्या टाइप १ (मंद) तंतूंतले ग्लायकोजेन पुरुषांच्या मानाने कमी घटले, रक्तातले लॅक्टेटही कमी चढले. टाइप २ (वेगवान) तंतूंत मात्र दोघांची घट सारखीच होती. अंग राखून पॅडल मारणारीचे टाइप २ तंतू इतके रिते होत नाहीत. स्त्रियांच्या स्नायूंत टाइप २ तंतूंनी व्यापलेली जागा मुळात कमी असते, त्यामुळे तोच जोर रक्तात वेगळा आकडा दाखवतो. तो आकडा वाचता येत नसेल तर लॅक्टेटचा रकाना तरी काढू नये. विचारायचेच तर पहिल्या पाच सेकंदांची पीक पॉवर विचारा, शेवटपर्यंत ती किती घसरली ते पाहा, आणि दोन्ही निर्मेद वजनाने भागा. मशीन हे सगळे छापून देतेच. नमुन्यात त्याला जागा नाही, एवढेच.

त्याच केंद्राचा आहारतक्ताही एकच. स्पर्धेआधी चार दिवस कर्बोदके ७५ टक्के. कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठात टार्नोपोल्स्की यांनी १९९५ मध्ये हेच करून पाहिले. पुरुषांचे स्नायूतले ग्लायकोजेन ४१ टक्के वाढले, स्त्रियांचे जागचे हलले नाही. यात इस्ट्रोजेनचा भाग किती आणि ताटाचा किती, यावर नंतर वाद झाले. पण एकूण उष्मांक वाढवल्यावर स्त्रियांचाही साठा वाढला. आपल्या वसतिगृहांत मुलींना भाकरी मोजून वाढतात. त्या ताटाचे ७५ टक्के म्हणजे किती ग्रॅम, हा हिशेब तक्ता करणाऱ्याने केलेला दिसत नाही.

आता आपल्या संघटनेच्या सभासद प्रशिक्षकांबद्दल. काही जण दुसऱ्या टोकाला गेले आहेत. मोबाइलवरच्या ॲपने सांगितले म्हणून पाळीच्या दिवसांत मुलींचा इंटरव्हल सराव सरसकट बंद! पाळीच्या टप्प्यांनुसार कामगिरीत पडणारा फरक सरासरीने नगण्य आहे, असे २०२० चे मेटा-अॅनालिसिस सांगते. मुलीगणिक तो वेगळा असतो. तिची नोंद तिलाच वहीत ठेवू द्या. पाळी तीन महिने चुकली तर शिक्षिकेमार्फत डॉक्टरकडे पाठवा. 'सरावाने होते असे' म्हणून सोडून देणारे प्रशिक्षक अजून आहेत, आणि त्यांची वर्गणीही वेळेवर येते.

ज्यांच्याकडे लॅक्टेट मीटर आहे त्यांनी मुलींच्या विंगेटचे आकडे पाठवावेत. नाव नको, वय, वजन, हिमोग्लोबिन, पीक पॉवर आणि शेवटी किती पॉवर उरली तेवढे हवे. सोबत त्याच गटातल्या मुलांचेही पाठवा. सगळे एकत्र मांडून केंद्राच्या संचालकांपुढे ठेवू. तोवर नमुना भरावाच लागला तर शेऱ्याच्या रकान्यात पॉवरचा आकडा लिहा, खाली सही करा, आणि मुलीला दुसऱ्यांदा सायकलवर बसवू नका.