लीडर पुष्कळ, नेता कोठे?

काही इंग्रजी शब्द मराठीत असे रुळले आहेत की त्यांचा अर्थ विचारण्याची गरजच कोणाला वाटत नाही. ‘लीडर’ हा त्यांपैकी एक. विक्रोळीच्या कारखान्यांच्या पट्ट्यात पूर्वी ‘युनियनचा लीडर’ असे. आता त्याच परिसरातील चकचकीत कार्यालयांत ‘टीम लीडर’ असतो. मतमोजणीच्या दिवशी ‘लीड’ म्हणजे मताधिक्य. आणि चाळीत कोणी जरा अधिक बोलू लागला की ‘मोठा लीडर झालास काय?’ हा टोमणा ठरलेला. या साऱ्या वापरांत भाव एकच: लीडर म्हणजे इतरांच्या पुढे, किंबहुना इतरांच्या वर असलेला माणूस.

यात इंग्रजीचा दोष नाही. ‘लीड’ या क्रियापदाचा जुना अर्थ सोबत घेऊन, वाट दाखवीत नेणे असाच आहे. आपला ‘नेता’ही ‘नी’ म्हणजे नेणे या संस्कृत धातूपासून आला. त्याच धातूपासून ‘नीती’ आली आणि ‘विनय’ही. नेत्याने लोकांना कोठे तरी पोहोचवायचे असते आणि तेही नीतीने, हे भाषेनेच सांगून ठेवले आहे. ‘पुढारी’ हा शब्द मात्र माणसाची केवळ जागा सांगतो. आपण शब्द ‘लीडर’ घेतला, पण अर्थ त्याला पुढाऱ्याचा चिकटवला.

शब्दांचा एवढा कीस कशासाठी, असे कोणी विचारील. १६७४ साली राज्याभिषेक झाल्यावर शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश सिद्ध करविला. सरनौबताचा सेनापती झाला, सुरनीसाचा सचिव झाला. पुढे स्वातंत्र्यवीर सावरकरांनी ‘मेयर’ला महापौर आणि ‘डायरेक्टर’ला दिग्दर्शक हे शब्द दिले. दिग्दर्शक म्हणजे दिशा दाखविणारा; नावातच काम आले. पदाचे नाव हे त्या पदाच्या कर्तव्याचे पहिले स्मरण असते.

यांतील ‘सचिव’ आज राज्यातील प्रत्येक सहकारी गृहनिर्माण संस्थेत आहे. सचिव म्हणजे मुळात सोबती, बरोबर असणारा. गंमत अशी की ‘सेक्रेटरी’ या शब्दाच्या मुळाशी ‘सिक्रेट’, म्हणजे गुपित आहे. कन्नमवारनगरासारख्या म्हाडाच्या जुन्या वसाहतींत इमारतींचा पुनर्विकास चालला असताना या दोन अर्थांतील अंतर फार महत्त्वाचे ठरते. करारनाम्याचा मसुदा सभासदांपुढे ठेवणारा तो सचिव. कागद कपाटात ठेवून ‘सही करा, बाकी मी पाहतो’ म्हणणारा तो निव्वळ सेक्रेटरी. उभ्या आयुष्याची कमाई असलेले घर रिकामे करून भाड्याच्या खोलीत जाणाऱ्या निवृत्त कामगाराचे भवितव्य, आपल्या संस्थेत यांपैकी कोण बसला आहे यावर अवलंबून असते.

राज्य शासनालाही हा धोका दिसला होता. म्हणूनच सहकार कायद्याच्या कलम ७९(अ) खाली २००९ मध्ये निर्देश निघाले आणि २०१९ मध्ये ते सुधारण्यात आले. विकासकाची निवड निबंधकांच्या प्रतिनिधीसमक्ष, सभेचे चित्रीकरण करून व्हावी, असे त्यांत सांगितले आहे. परंतु नियम कागद उघडा करू शकतो. तो वाचण्याची आणि प्रश्न विचारण्याची सवय सभासदांनीच लावून घ्यावी लागते. सभेत गप्प बसायचे आणि जिन्यात कुजबुजायचे, ही आपली जुनी खोड. लीडर तिच्यावरच पोसला जातो.

ज्यांच्या नावाने ही वसाहत ओळखली जाते ते मारोतराव कन्नमवार नोव्हेंबर १९६२ मध्ये, चीनच्या आक्रमणाच्या काळात, मुख्यमंत्री झाले आणि जेमतेम वर्षभराने, २४ नोव्हेंबर १९६३ रोजी, पदावर असतानाच निवर्तले. पद एवढे अल्पायुषी असते. संस्थेतील पद तर त्याहून लहान. पुढील सर्वसाधारण सभेत कोणी ‘मी तुमचा लीडर’ म्हणून उभा राहिला, तर सभासदांनी शांतपणे विचारावे: आम्हाला कोठे नेणार, आणि तळमजल्यावरची एकटी आजीही त्यात आहे ना? ज्याला हा प्रश्न अपमान वाटेल, त्याच्या हाती आपल्या घराची किल्ली देऊ नये.